तंबूतला सिनेमा आणि माहितीपट
औंधच्या यमाईदेवीची पौषातील यात्रा आपल्या परिचयाची आहे. अशाच यात्रांतून फिरत्या तंबू-चित्रपटगृहांनी ग्रामीण महाराष्ट्राला सिनेमाची गोडी लावली.

शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात हा व्यवसाय चित्रित केला. २०१६ साली कान महोत्सवातील माहितीपटांच्या परीक्षकांनी त्याची खास दखल घेतली. नटनट्यांचे कौतुक करणारे माहितीपट उदंड आहेत; येथे मात्र तंबूचालक आणि जुनी प्रक्षेपणयंत्रे दुरुस्त करणारा कारागीर दिसतो. चित्रीकरण सुमारे पाच वर्षे चालले. त्याच काळात रिळे मागे पडून डिजिटल यंत्रे आली. थोडा विलंब होता, तर टिपावयास फारसे उरले नसते.

यात्रा भरविणाऱ्या ग्रामपंचायतींनी तंबूंच्या जागाभाड्याच्या जुन्या नोंदी शोधाव्यात. शिक्षकांनी हयात तंबूवाल्यांचे अनुभव ध्वनिमुद्रित करावेत.