तीन चौरसांचा एक चौरस

(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला 'मुस्लिमांचा सुवर्णकाळ आणि गणित' असा विषय दिला होता. त्यातला सुवर्णकाळ मी बाजूला ठेवणार आहे. दर जुम्म्याला आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एक मेसेज येतो. बीजगणित आपलं, वेधशाळा आपल्या, अमुक शोध आपला. पुढे पाठवायला पाच सेकंद लागतात. पाठवणाऱ्याला विचारा, चारही बाजू सारख्या असल्या की चौरस होतो का? बहुतेक जण 'हो' म्हणतात. मी गणित शिकवते, त्यामुळे हे उत्तर मला रोज ऐकू येतं. म्हणून आज एकाच खोलीतली, एकाच भांडणाची गोष्ट सांगते.

त्याआधी त्या 'हो'चा निकाल लावू. माझे अब्बा फरशी बसवायचे. शाळा त्यांनी चौथीत सोडलेली. खोली आखली की ते दोरी घेऊन एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचे, दोरीला गाठ मारायचे, मग तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांत धरायचे. गाठ जागेवर आली तर म्हणायचे, 'गुण्यात आहे.' नाही आली तर सगळी आखणी पुन्हा. चारही बाजू सारख्या असूनही चौकट कलती होऊ शकते, पतंगासारखी. त्याला पुस्तकात समभुज चौकोन म्हणतात. बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे, तरच चौरस. अब्बांना हे पक्कं माहीत होतं. पण असं का होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उस्तादाला 'का' विचारायचं नसतं, अशी आमच्या घरातली समजूत होती. आजच्या गोष्टीत तोच 'का' आहे.

बगदाद, दहावं शतक. अबुल वफा अल-बुझजानी हा मोठा गणिती. जन्म 940 सालचा, खुरासानातल्या बुझजान गावचा, 959 मध्ये बगदादला आला. ताऱ्यांचे वेध, त्रिकोणमिती हे त्याचं मुख्य काम. पण त्याने एक वेगळंच पुस्तकही लिहिलं, कारागिरांना लागणाऱ्या भूमितीचं. त्यात तो सांगतो की भूमितीचे जाणकार आणि कारागीर एकत्र बसायचे, त्या बैठकांना तो हजर असायचा. अशाच एका बैठकीत प्रश्न निघाला: सारख्या आकाराचे तीन चौरस आहेत, त्यांचा मिळून एकच मोठा चौरस कसा करायचा?

भूमितीवाल्यांना हा प्रश्न सोपा वाटला. चौरसाची बाजू 1 धरा. त्याचा कर्ण 2 चं वर्गमूळ. त्या कर्णाच्या टोकाला काटकोनात 1 लांबीची रेषा काढा, कर्ण जोडा, 3 चं वर्गमूळ मिळालं. हीच मोठ्या चौरसाची बाजू. पायथागोरस दोनदा वापरला की संपलं.

कारागिरांचं समाधान झालं नाही, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. त्यांना रेषा नको होती. त्यांच्यासमोर तीन तुकडे पडले होते, ते कापून, जोडून, काही वाया न घालवता एक तुकडा हवा होता. मग त्यांनी आपली पद्धत दाखवली. एक चौरस मधे अख्खा ठेवायचा, बाकीचे दोन तिरके कापून त्याच्याभोवती लावायचे. दिसायला सुरेख चौरस. कुणीही पाहिलं तर हरकत घेणार नाही.

अबुल वफाने हरकत घेतली. त्याने कारागिरांच्या चौरसाची बाजू तपासली. ती येते मूळ बाजू अधिक अर्धा कर्ण. आकडे घालून बघू. मूळ चौरस 10 सेंटीमीटरचा धरा. अर्धा कर्ण 7.07. म्हणजे बाजू 17.07 सेंटीमीटर. हवी होती 17.32. फरक अडीच मिलिमीटर! डोळ्याला कळणार नाही, छिन्नीच्या धारेत जिरून जाईल. पण क्षेत्रफळ काढा. तीन चौरसांचं 300 चौरस सेंटीमीटर, या चौरसाचं जेमतेम 291. नऊ चौरस सेंटीमीटर फरशी गेली कुठे?

इथे तो दोघांनाही ऐकवतो, हे मला फार आवडतं. कारागीर डोळ्यांवर आणि हातांवर विश्वास ठेवतो, पुराव्याची फिकीर करत नाही, म्हणून चुकतो. भूमितीवाल्याकडे पुरावा आहे, पण त्याने कधी काही कापलेलं नाही, म्हणून त्याचं उत्तर कामाला येत नाही. मग तो स्वतःची पद्धत देतो. ती लक्ष देऊन ऐका, कारण ती तुम्हाला करायची आहे.

एक चौरस तसाच ठेवा. उरलेले दोन कर्णावर कापा, चार त्रिकोण मिळाले. प्रत्येक त्रिकोणाची लांब बाजू अख्ख्या चौरसाच्या एकेका बाजूला चिकटवा, पण मध्यावर नाही. त्रिकोणाचं टोक चौरसाच्या कोपऱ्याशी जुळवा. लांब बाजू चौरसाच्या बाजूपेक्षा मोठी आहे, त्यामुळे दुसरं टोक पुढे निघेल. निघू द्या. चारही त्रिकोण एकाच दिशेने लावले की भिरभिऱ्यासारखा आकार होतो. आता चारही त्रिकोणांचे काटकोनी कोपरे सरळ रेषांनी जोडा. या रेषांच्या बाहेर चार छोटे त्रिकोण उरतात, आणि आत चार छोट्या खाचा दिसतात. बाहेरचा तुकडा कापा, अर्धा वळसा द्या, शेजारच्या खाचेत ठेवा. बसतो. नऊ तुकडे, काही वाया नाही.

आता 'का'. तुकडा आणि खाच, दोघांना एक बाजू मूळ चौरसाएवढी आहे. दोघांना 45 अंशांचा एक कोन आहे. रेषा जिथे छेदते तिथले विरुद्ध कोन सारखे. झाले ना एकरूप? दहावीच्याही आधी शिकलेली कसोटी आहे ही. आणि मोठ्या चौरसाची बाजू? लागून असलेल्या दोन काटकोनी कोपऱ्यांमधलं अंतर एका दिशेने 1 आणि तिच्या काटकोनात 2 चं वर्गमूळ आहे. 1 अधिक 2, तीन. भूमितीवाल्यांची रेषाच परत आली, पण या वेळी फरशीसकट.

त्याच पुस्तकात तो एकाच मापावर अडकलेल्या कंपासने आकृत्या काढून दाखवतो. कंपास पुन्हा पुन्हा उघडली की माप हलतं, हे काम करणाऱ्यालाच ठाऊक असतं. वर्तुळ काढलं, कंपास तशीच ठेवली आणि परिघावर पावलं टाकत गेलं तर बरोबर सहा पावलांत परत येतो. षटकोन तयार. षटकोन, चौरस आणि समभुज त्रिकोण, एवढेच सुसम बहुभुज असे की एकट्याने जमीन फटीशिवाय भरतात. पंचकोनाचा कोन 108 अंशांचा, त्याने 360 ला भाग जात नाही. अष्टकोन मधे छोटा चौरस मागतो: 135, 135 आणि 90. जुन्या इमारतींच्या फरशीत हा अष्टकोन-चौरस तुम्ही तुडवला असेल.

दोन चौरस 45 अंशांत एकमेकांवर फिरवले की आठ टोकांचा तारा होतो. अनेक छापील कुरआनांत भाग दाखवायला तो असतो, रुब-अल-हिज्ब. सोलापूरहून शंभर किलोमीटरवर, विजापुरात, 1656 च्या गोलघुमटात हेच आहे. खाली चौकोनी दालन, वर गोल घुमट. मधे कमानींची रचना दोन फिरवलेल्या चौरसांवर बेतलेली, त्यामुळे चौकोनातून अष्टकोन, अष्टकोनातून वर्तुळ. वर कुजबुज ऐकायला सगळे जातात. मान वर करून कमानी मोजणारे थोडे.

एक बाजूची गोष्ट. हे सगळं फक्त 'आपलं' म्हणून मी सांगत नाहीये. युक्लिड ग्रीक. ब्रह्मगुप्ताचं गणित आठव्या शतकातच बगदादला पोहोचलं होतं. भास्कराचार्यांची लीलावती फैजीने 1587 मध्ये फारसीत आणली, आणि त्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ काढल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. ज्याला तो मेसेज पुढे पाठवायचाय त्याने हेही जोडून पाठवावं.

कारागिरांनी ती हरकत कशी घेतली असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. आयुष्यभर हात चालवलेल्या उस्तादाला भर बैठकीत कुणीतरी सांगतंय, तुमची बाजू अडीच मिलिमीटर कमी आहे. त्या खोलीत अब्बा असते तर आधी चिडले असते. मग दोरी काढली असती.

मागच्या टेबलावर पुठ्ठ्याचे 10 सेंटीमीटरचे चौरस आहेत, प्रत्येकी तीन. कात्र्या कमी आहेत, दोघांत एक घ्या. ज्यांचा चौरस 17.07 चा येईल त्यांनी तो लपवू नका, पुढे आणून दाखवा.