अतिनील दीप आणि बंद खोलीतील हवा



गेल्या हिवाळ्यात आपल्या एका मेळाव्यानंतर आठवडाभरातच अनेक घरांत ताप-खोकला शिरला. नातवंडांना भेटण्यासाठी गावाकडून आलेले वृद्ध आईवडीलही त्यातून सुटले नाहीत. तेव्हापासून सभागृहासाठी अतिनील किरणांचे हवाशुद्धी यंत्र घ्यावे, अशी सूचना वारंवार येत आहे. सूचना कळकळीची आहे. परंतु वर्गणीचा पैसा सभासदांच्या कष्टाचा आहे. म्हणून हे यंत्र काय करते व काय करू शकत नाही, हे आम्ही आज आपणांसमोर मांडत आहोत.

अमेरिकेतील थंडीत आपण दारे-खिडक्या लावून बसतो. बोलताना, गाताना, खोकताना तोंडातून तुषार उडतात. मोठे तुषार खाली पडतात, अतिसूक्ष्म तुषार मात्र दीर्घकाळ तरंगत राहतात. गोवर, क्षय आणि कोविड हे रोग अशा हवेतून पसरतात.

जंतूंना सर्वाधिक मारक ठरणारे आखूड तरंगलांबीचे अतिनील किरण सूर्यापासून निघतात खरे, पण वातावरणातच शोषले जातात. म्हणून ते पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यातून निर्माण करावे लागतात. त्यांची तरंगलांबी सुमारे २५४ नॅनोमीटर असते. जंतूच्या जनुकद्रव्यात ते शोषले गेले की त्यातील शेजारचे घटक एकमेकांस जखडले जातात. मग जंतूस आपली प्रत काढता येत नाही, आणि ज्याची वाढ खुंटली तो रोग निर्माण करू शकत नाही.

हे केवळ जाहिरातीतील वचन नव्हे. विल्यम वेल्स यांनी १९३७ पासून फिलाडेल्फिया परिसरातील शाळांच्या वर्गांत छताजवळ असे दिवे लावले. १९४१ च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांतील लागण इतर वर्गांच्या तुलनेत पुष्कळ कमी राहिली. पुढे बाल्टिमोर येथे रिचर्ड रायली यांनी क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे वळविली. नुसत्या हवेतील प्राण्यांना क्षय जडला. अतिनील प्रकाशातून गेलेल्या हवेतील प्राणी बचावले. हा निष्कर्ष १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र अन्यत्र झालेल्या शाळांतील प्रयोगांना तसे यश लाभले नाही. मुले वर्गाबाहेरही एकत्र येत होती, आणि दिवा आपल्या खोलीपुरताच राखण करतो.

आणखी एक मर्यादा ध्यानी घ्यावी. किरणांची तीव्रता आणि जंतू प्रकाशात राहण्याचा काळ, या दोहोंच्या गुणाकारावर परिणाम अवलंबून असतो. लहान पेटीतील पंखा हवा क्षणार्धात दिव्यापुढून ढकलतो. दिवा दुर्बल असेल तर जंतू जिवंतच बाहेर पडतो. पंखा लहान असेल तर खोलीतील बहुतेक हवा पेटीपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय धूळ, धूर आणि परागकण यांवर अतिनील दिव्याचा उपाय चालत नाही. त्यांना हेपा गाळणीच हवी. ती गाळणी जंतूंनाही अडवते.

काही दिवे १८५ नॅनोमीटरचे किरणही सोडतात. त्यांतून ओझोन वायू तयार होतो. तो आकाशात आपले रक्षण करतो, पण घरात दम्याच्या रुग्णाच्या छातीस अपाय करतो. उघडा अतिनील दिवा डोळे व त्वचा भाजतो, म्हणून त्याखाली माणसांनी बसू नये. दिव्याची शक्तीही कालांतराने घटते. निळसर उजेड दिसतो, पण मारकता उरलेली नसते.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये खोलीत तासाला किमान ५ वेळा स्वच्छ हवा फिरावी, असे सुचविले. खिडकी, गाळणी आणि अतिनील दिवा ही तिन्ही साधने त्या हिशेबात धरता येतात. म्हणून विक्रेत्यास आपण चार प्रश्न विचारावेत: यंत्र तासाला किती हवा शुद्ध करते? आमच्या सभागृहाचे घनफळ पाहता ती पुरेशी आहे काय? ओझोन निघत नाही, याची तपासणी कोणी केली? दिवा केव्हा बदलावा?

समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत दोन खिडक्या उघडाव्यात, चांगल्या गाळणीचे यंत्र लावावे आणि खोकला असलेल्याने त्या दिवशी घरी थांबावे, असे आम्ही सुचवितो. छताजवळचे दिवे पुढे घेतल्यास ते जाणकाराच्या हातूनच बसवावेत. श्वास सर्वांचा सामाईक आहे. त्याची काळजीही सामाईकच असली पाहिजे. भीतीपोटी घेतलेली वस्तू कोपऱ्यात पडून राहते. समजून घेतलेली वस्तूच आपल्या वृद्धांच्या आणि लेकरांच्या उपयोगी पडते.