गाण्याची जागा

माझ्या एका वृद्ध आत्याबाईंना मीं एकदां जात्यावरच्या ओव्या सांगावयास विनविलें. त्या खुर्चीवर बसल्या, दोन ओव्या म्हणाल्या आणि थांबल्या. "आठवत नाहीं रे बाबा," असें म्हणून त्या ओशाळल्या. थोड्या वेळानें त्या आपण होऊनच खालीं जमिनीवर बसल्या, एक पाय लांब केला आणि जात्याचा खुंटा हातीं धरावा तसा रिकामा हात फिरवूं लागल्या. मग मात्र ओवीमागून ओवी येऊं लागली. मला लिहून घेणें कठीण झालें. लोकगीत केवळ स्मरणांत राहत नाहीं, त्याला बसावयास जागा लागते, हें मला त्या दिवशीं कळलें. ही जागा नाहींशी झाली म्हणजे गाण्याचें काय होतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. दोन परक्या देशांत या प्रश्नाला काय उत्तर मिळालें, तें प्रथम पाहूं.

पहिला देश हंगेरी. बेला बार्तोक आणि झोल्तान कोदाय हे दोन संगीतकार १९०५ च्या सुमारास लोकगीतांच्या शोधांत खेडोपाडीं हिंडूं लागले. शेतकऱ्यांचीं गाणीं फोनोग्राफवर घ्यावयाचीं आणि मग तीं कागदावर उतरावयाचीं, हा त्यांचा क्रम. त्यांनीं आणि त्यांच्या मागून आलेल्या अभ्यासकांनीं हजारों चाली जतन केल्या. परंतु शहरांत हा ठेवा ग्रंथांत, मैफलींत आणि रंगमंचावरील नर्तकसंघांतच प्रामुख्यानें राहिला. शहरी माणूस तें संगीत ऐके, तो नाच पाही, आणि टाळ्या वाजवून घरीं जाई.

१९७२ सालच्या मे महिन्यांत बुडापेस्टमध्यें कांहीं तरुणांनीं एक वेगळी सभा भरविली. तिचें नांव त्यांनीं 'तान्सहाझ', म्हणजे नाचघर, असें ठेविलें. हा शब्द आणि ही कल्पना त्यांनीं ट्रान्सिल्व्हेनियांतील सेक या गांवापासून घेतली. हा प्रदेश आज रोमानियांत आहे, आणि त्या गांवीं तरुण मंडळी नाचासाठीं एकत्र जमत. फेरेन्त्स शेबो आणि बेला हल्मोश हे वादक होते. ग्यॉर्गी मार्तिन या नृत्यसंशोधकाचें मार्गदर्शन होतें. लवकरच हें नाचघर सर्वांना खुलें झालें. ज्याला पाऊल येत नसे त्याला तें तेथेंच शिकवीत आणि नाचांत ओढून घेत. प्रेक्षक म्हणून कोणी उरावयाचेंच नाहीं, ही त्यांतली मुख्य गोष्ट. पुढें २०११ सालीं युनेस्कोनें वारसा जतन करण्याच्या उत्तम पद्धतींमध्यें या नाचघराची नोंद केली.

दुसरा देश आयर्लंड. तेथील लोकसंगीत मुख्यतः नाचाच्या चालींचें. पूर्वी तें घराघरांच्या स्वयंपाकघरांत आणि गांवच्या चव्हाट्यावर वाजे. १९३५ सालीं सार्वजनिक नृत्याला परवाना आवश्यक करणारा कायदा झाला आणि घरोघरच्या नाचांना ओहोटी लागली. पोटासाठीं परदेशीं जाण्याची परंपरा तर जुनीच. फ्रान्सिस ओनील या आयरिश गृहस्थानें शिकागोसारख्या दूरच्या शहरांत पोलिसांचा मुख्य असतांना देशबांधवांकडून चाली गोळा केल्या आणि १९०३ सालीं १८५० चालींचा ग्रंथ छापला. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्यें मजुरीस गेलेले आयरिश वादक सायंकाळीं पबमध्यें जमूं लागले. आज आपण ज्या 'सेशन'ला अस्सल आणि पुरातन आयरिश बैठक समजतों, ती या काळांत रूढ झाली. वादक टेबलाभोंवतीं बसतात. एकजण चाल सुरू करतो, ज्यांना ती येते ते तींत मिसळतात, ज्यांना येत नाहीं ते ऐकतात. १९५१ सालीं या संगीतासाठीं 'कोल्तस' ही संस्था निघाली. तिचा वार्षिक उत्सव आणि स्पर्धा अद्याप चालूं आहेत.

या दोन्ही देशांना किंमतहि द्यावी लागली. बुडापेस्टच्या नाचघरांत एकाच सायंकाळीं अनेक गांवचे नाच होतात. खेड्यांतला माणूस आपल्या गांवचाच नाच नाचे. आयर्लंडांत, स्पर्धेच्या मापानें वाजवितां वाजवितां प्रांताप्रांतांची वेगळी ढब बोथट होते, असा आक्षेप आहे. तो निराधार म्हणवत नाहीं. तथापि जुनी जागा गेल्यावर या लोकांनीं नवी जागा केली, आणि ती अशी केली कीं सामान्य माणसालाहि तेथें हात लावतां येतो.

आतां आपल्याकडे वळूं. संग्रहाच्या बाबतींत आपण मागें नाहीं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. गाणारणीचें नांव व गांव यांची नोंद ठेवली, आणि त्यांतील पुष्कळ ओव्या आज आवाजासह कोणासहि ऐकतां येतात. हें काम बार्तोकच्या कामाच्या तोडीचें आहे. परंतु पिठाची गिरणी आली आणि जातें थांबलें. तें परत यावें, असें कोणी सुज्ञ म्हणणार नाहीं. पहांटेच्या अंधारांत पायलीभर दळणें हे बायकांचे कष्ट होते. वारीची गोष्ट पहा. ती चालूं आहे म्हणून तिच्यांतलें गाणें चालूं आहे, कारण दिंडींत टाळ हातीं घेतलेला वारकरी श्रोता नसतो. जात्याच्या जागीं मात्र आपण अजून कांहींच मांडलेलें नाहीं.

रंगमंचावर ओवी आणावी काय? येथें माझें मन कचरतें. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट हें सारें बाईनें जात्याला सांगितलें, तें कोणी ऐकूं नये म्हणूनच. ध्वनिवर्धक आणि बक्षीस यांच्यापुढें तें मन उघडेल, असें वाटत नाहीं. तिला लहान जागा हवी. चार घरच्या बायका दुपारीं एकत्र बसाव्या. निवडण्या-टिपण्याचें कांहीं काम हातीं असावें. वडील बाईनें ओवी सुरू करावी, मुलीनें तिची दुसरी ओळ उचलावी, नातीनें आपल्या आयुष्याची एखादी नवी ओवी जोडावी. ती नोकरीची असेल, लोकलच्या गर्दीची असेल. ओवीला तें वर्ज्य नाहीं. ओवी चुकली तरी हरकत नाहीं.

आपल्या घरीं कोणी वडीलधारी बाई असेल, तर या आठवड्यांत तिला ओवी विचारून पहावी. मात्र खुर्चीवर बसवून नव्हे. तिच्याजवळ खालीं बसावें, आणि तिचा हात फिरूं लागेपर्यंत थांबावें.