पाठीवरचा हात आणि रक्तदाबाची गोळी
(भाट्ये येथील मेळाव्यात केलेले भाषण)



आपण ज्या कातकरी कुटुंबांत काम करतो, त्यांची पाठ हेच त्यांचे भांडवल. डोक्यावर लाकडाची मोळी, हंगामात कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर ओझी. इथे भाट्ये खाडीत जाळी ओढणाऱ्यांची तक्रारही तीच. मान आखडली, कंबर धरली की माणूस हाड बसवणाऱ्याकडे जातो. परदेशात याच्याशी मिळतीजुळती विद्या कायरोप्रॅक्टिक म्हणून चालते. ती १८९५ मध्ये डॅनियल पामर यांनी अमेरिकेतील डेव्हनपोर्ट शहरात सुरू केली. आता मोबाईलवर तिचे व्हिडिओ वाडीपर्यंत पोहोचले आहेत.

एका वाडीवरच्या मावशी मला म्हणाल्या, "बाई, मान मोडून घेतली, छाती हलकी झाली. आता प्रेशरची गोळी कशाला?" त्यांना बरे वाटले हे खरेच आहे. दुखणे आणि काळजी असली की शरीर सावध होते, हृदय जोरात धडधडते, झोप उडते. दुखणे कमी झाले, कोणी मायेने हात लावला, की मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची नस आपले काम करते आणि ठोके शांत होतात. सावकाश श्वास घेतल्यानेही हे घडते.

पण बरे वाटणे वेगळे आणि आजार जाणे वेगळे. शिकागोमध्ये ५० रुग्णांवर केलेल्या एका अभ्यासात मानेच्या वरच्या मणक्यावर उपचार केल्यावर रक्तदाब उतरलेला दिसला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूच्या लहरींवरही छोटे अभ्यास झाले आहेत. एवढ्याशा आधारावर गोळी बंद करता येत नाही. कंबरदुखीत मात्र अशा उपचाराने काहींना थोडाफार आराम पडतो. मानेला जोरात झटका दिल्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना क्वचित का होईना, नोंदल्या गेल्या आहेत.

रक्तदाब वाढला तरी बहुधा काही जाणवत नाही. म्हणून "मला बरे वाटते" हे गोळी सोडण्याचे कारण होऊ शकत नाही. कमावत्या माणसाला झटका आला, तर आख्खे घर कर्जात जाते आणि मुलांची शाळा सुटते.

मावशींना मी रागावले नाही. त्यांच्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. दाब मोजला, तो वाढलेलाच होता. गोळी पुन्हा सुरू झाली.

आपणही वाडीवर जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: दाब शेवटचा कधी मोजला? गोळ्या किती उरल्या? हातापायाला मुंग्या येतात किंवा बळ कमी वाटते का? तसे असेल तर मालीश नको, आधी डॉक्टर. छातीत दुखत असेल, तोंड वाकडे झाले असेल, तर १०८ ला फोन करा.

पाठीवर मायेचा हात जरूर ठेवा. दुसऱ्या हातात गोळीही असू द्या.