लाकूड, ऊब आणि वीज



कामानिमित्त मी स्वीडनमध्ये असते. तिथल्या व्हेक्शो शहराने तेल महागल्यावर, १९८० साली, घरे तापवायला लाकडाचे तुकडे जाळायला सुरुवात केली. नुसती वीज केली तर निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते. म्हणून टर्बाइन फिरवून झालेल्या वाफेवर पाणी तापवून ते जमिनीखालच्या नळांतून घरोघरी खेळवतात. आपले साखर कारखाने उसाच्या चिपाडावर हेच करतात: आधी वीज, मग त्याच वाफेवर रस आटवणे.

मात्र फांद्या, साल, भुसा जाळणे वेगळे आणि उभे झाड तोडून जाळणे वेगळे. झाड तासाभरात जळते. तिथल्या थंडीत पुन्हा वाढायला ६०-७० वर्षे लागतात. उत्तराआधी एकक तपासा, हे आपण याच शाळेत शिकलो. तसेच ‘हरित’ वीज म्हटली की आधी विचारा, लाकूड कुठले?