टपावरचे जुने कॅरिअर

मारुती जिप्सीसारख्या ज्या जुन्या गाड्यांच्या पत्र्याच्या टपाला कडेने पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ असते, त्यांवर जुन्या बाजारातून घेतलेले पोलादी कॅरिअर चढविण्यापूर्वी त्याची जी तपासणी करावयाची, तिच्यात हयगय होता कामा नये. कारण नळीला गंज पुष्कळदा आतून लागतो आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. हातोडीने सांधे हलके ठोकीत जावे; जेथे खणखणीत नादाऐवजी बद्द आवाज येईल, तेथील नळी बदलून वेल्डिंग करून घ्यावे.

मग तारेच्या ब्रशाने व पॉलिश पेपरने गंज खरवडून, चिवट डागांवर फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावून, ते धुऊन-वाळवून, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. कोकणच्या दमट हवेत उघडे लोखंड रातोरात तांबूस होते. रंग कोणता, हा प्रश्न गौण. नळीच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निथळण्यास बारीक छिद्र आहे की नाही, हा महत्त्वाचा.

बसविताना पन्हळ व पकड यांमध्ये रबरी पट्टी घालावी, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावे आणि खडबडीत रस्त्यावरून थोडे अंतर जाऊन आल्यावर ते पुन्हा तपासावे. उत्पादकाने टपासाठी नेमून दिलेल्या भारमर्यादेत कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरावे लागते, ही गोष्ट हौशी मंडळी सोयिस्करपणे विसरतात. शिवाय उंचावरील भाराने गुरुत्वमध्य वर सरकून आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा संभव वाढतो, म्हणून पाण्याचे कॅन आणि जड अवजारे खाली ठेवावीत, वर तंबू-बिछाने.