दोघांची हलकी गाडी

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील सारी हकीकत उज्जयिनीत घडते, आणि ती बरीचशी गाड्यांमुळे घडते. चारुदत्ताच्या लहानग्या रोहसेनाला शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी हवी असते. त्याच्या हाती येते ती मातीची. पुढे भर रस्त्यात गाड्यांची कोंडी होते, वसंतसेना भलत्याच गाडीत चढून बसते आणि नाटक संकटाच्या दिशेने धावू लागते. देवलांच्या संगीत नाटकामुळे हे कथानक मराठी रसिकांच्या चांगले परिचयाचे आहे. उज्जैनच्या रस्त्यांवरची कोंडी आजही संपलेली नाही, आणि शेजारच्या गाडीकडे पाहून हट्ट धरणारे रोहसेनही संपलेले नाहीत. ते आता वीस-बावीस वर्षांचे असतात आणि त्यांचा हट्ट 'स्पोर्ट्‌स कार'साठी असतो, इतकेच.

हा हट्ट ऐकला की वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतात. त्यांच्या डोळ्यांसमोर येते ती रुंद, गर्जना करणारी, कोट्यवधी रुपयांची गाडी. ती झाली सोन्याची गाडी. परंतु स्पोर्ट्‌स कारमध्ये दुसरीही एक जात आहे. दोन माणसांपुरती जागा, बेताचे इंजिन, उघडा टप आणि होता होईल तो कमी वजन. या जातीचे चाहते जगभर आहेत आणि पैशाच्या मानाने आनंद अधिक मिळतो, असा त्यांचा दावा आहे. हा दावा तपासून पाहण्याजोगा आहे.

हलकेपणाचे मर्म बाजारातल्या हातगाडीवाल्याला पुस्तकावाचून ठाऊक असते. दोन पोती लादलेली हातगाडी तो मनगटाच्या झटक्याने वळवितो. दहा पोती लादली की तीच गाडी त्याला फरफटत नेते. मोटारीचेही तसेच. वजन दुप्पट झाले की त्याच वेगावरून थांबताना ब्रेकांना दुप्पट ऊर्जा पचवावी लागते. मग ब्रेक मोठे हवेत, टायर रुंद हवेत, स्प्रिंगा भक्कम हव्यात. आणि या साऱ्यांचे पुन्हा वजन होते. ते ओढण्यासाठी इंजिन आणखी मोठे! हे चक्र एकदा फिरू लागले की थांबत नाही. उलट दिशेने फिरविले तर मात्र प्रत्येक वस्तू आपल्याबरोबर दुसरीचे वजन घटवीत जाते.

इंग्लंडमध्ये हे उलटे चक्र हट्टाने फिरविले ते कॉलिन चॅपमन याने. त्याच्या लोटस कंपनीची 'सेव्हन' ही गाडी 1957 साली आली. वजन सुमारे 500 किलो, आणि प्रारंभीचे फोर्डचे इंजिन अवघ्या 40 अश्वशक्तीचे. श्रोत्यांपैकी ज्यांनी मारुती 800 चालविली आहे, त्यांना या आकड्याचे हसू येईल, कारण मारुतीची शक्तीही साधारण तेवढीच होती. पण मारुतीचे वजन सुमारे 650 किलो, आणि तिच्यात चारपाच माणसे व लग्नाचे सामान कोंबले जाई. सेव्हनमध्ये दोन माणसे बसली की जागा संपली. दारे नावापुरती, पावसापासून रक्षण त्याहून नावापुरते. ही गाडी सुट्या भागांत घेऊन घरी जोडली तर त्या काळी इंग्लंडात खरेदीकर वाचत असे. जोडणीच्या सूचना सोबत देण्यास मनाई होती, म्हणून कंपनी गाडी उलगडण्याच्या सूचना देई आणि गिऱ्हाइकाने त्या उलट क्रमाने वाचाव्यात, असे सांगतात! 1973 साली तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि तिथे ती अजून बनते. चालविण्याचा निव्वळ आनंद हीच कसोटी धरली तर सेव्हनला तोड नाही. रोजच्या व्यवहाराला मात्र तिचा उपयोग जवळपास शून्य.

त्याच लोटसची 1996 मधील 'एलिझ' ही यंत्रविद्येच्या दृष्टीने सर्वांत डोळस गाडी म्हणावी लागेल. मालकाच्या नातीच्या नावावरून तिचे नाव पडले. तिचा सांगाडा, ज्याला गॅरेजवाले चॅसी म्हणतात, ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या डिंकासारख्या रासायनिक द्रव्याने चिकटवून केलेला होता. वजन अवघे 68 किलो, म्हणजे एका बेताच्या माणसाइतके. संपूर्ण गाडी सुमारे 725 किलोंची आणि मागे बसविलेले इंजिन 118 अश्वशक्तीचे. या प्रमाणामुळे कितीतरी मोठ्या गाड्यांना ती मागे टाकी. परंतु चिकटवलेला सांगाडा अपघातात दुखावला तर ठोकून सरळ करता येत नाही, बहुधा बदलावाच लागतो. शिवाय तिचे काठ इतके उंच की आत शिरणे ही एक कसरतच. 2021 साली तिचे उत्पादन थांबले.

जपानच्या माझ्दा कंपनीने 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात मांडलेली 'एमएक्स-5' या दोहोंहून जड, सुमारे 950 किलोंची. इंजिन 1.6 लिटरचे, शक्ती 115 अश्वशक्तीच्या आसपास. आकड्यांवरून पाहिले तर एलिझपुढे ती फिकी दिसते. पण तीच तिघींत शहाणी आहे. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांवर, आणि वजन पुढेमागे जवळजवळ समसमान. बुटाच्या खोक्याचे झाकण काढले की खोके हाताने पिळता येते, तसा टप काढलेल्या मोटारीचा सांगाडाही पिळतो; म्हणून ही गाडी मुळापासूनच उघडी आखली. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत ॲल्युमिनियमची एक तुळई टाकली, त्यामुळे पाय दाबताच चाकांना तो कळतो. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, अशा अर्थाचा एक जपानी शब्दप्रयोग तिच्या कर्त्यांनी ध्येय म्हणून समोर ठेवला होता. ज्या शिंद्यांची गादी 1810 पर्यंत उज्जैनला होती, त्यांच्या घोडदळातल्या शिलेदाराला हे ध्येय लगेच उमगले असते. अमेरिकेत तिची आरंभीची किंमत 13,800 डॉलर होती, म्हणजे पगारदार माणसाच्या आवाक्यातली. 2016 साली दहा लाखावी गाडी बाहेर पडली.

मृच्छकटिकात वसंतसेना रोहसेनाची समजूत काढण्यासाठी मातीच्या गाडीत आपले दागिने भरते. पुढे तेच दागिने न्यायसभेत विदूषकाच्या काखेतून खाली पडतात आणि चारुदत्तावर किटाळ येते. हलक्या मोटारींचेही असेच होत आले आहे. गिऱ्हाईक शीतयंत्र मागते, सुरक्षेचे नियम वाढतात (ते वाढावेत हे योग्यच), चाके मोठी होतात, आणि दर पिढीला गाडी शंभरेक किलोंनी सुटते. एमएक्स-5 चीही तीच गत झाली. पण 2015 मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत तिच्या कर्त्यांनी एकेक ग्रॅम मोजून वजन पुन्हा हजार किलोंच्या आसपास आणले. शक्ती वाढविण्यापेक्षा हे काम पुष्कळ अवघड.

आपल्याकडे असा प्रयत्न झाला तो गोव्यात. 'सॅन स्टॉर्म' ही उघड्या टपाची दोनआसनी गाडी 1998 मध्ये लोकांपुढे आली. फ्रान्समधील एका लहान कारखान्याचा आराखडा, फायबरग्लासचा देह, आणि रेनॉचे 1149 घनसेंटिमीटरचे, सुमारे 60 अश्वशक्तीचे इंजिन. फायबरग्लासला गंज चढत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत हा गुण लहान नव्हे. 60 अश्वशक्तीला अनेकांनी नाक मुरडले. सेव्हनचे 40 आठवले तर तो आक्षेप टिकत नाही. खरी उणीव निराळी होती. इंजिन आणि ओढ दोन्ही पुढच्या चाकांवर असल्यामुळे वळणात मागची चाके नुसती मागोमाग येतात. एमएक्स-5 मध्ये ती वळणात भाग घेतात. आणि तिच्या किमतीत चार माणसांची बंद गाडी मिळत होती. गोव्याची ही गाडी थोड्याच घरांत गेली आणि नंतर बंद पडली. तरीही मोठाल्या कारखान्यांनी जे धाडस केले नाही, ते तिने केले, याची नोंद राहिली पाहिजे.

उज्जैनच्या हौशी तरुणाने मग काय करावे? इंदूरपलीकडे पिथमपूरजवळ 'नॅट्रॅक्स' ही मोटारींची चाचणीशाळा आहे. तेथील 11.3 किलोमीटरच्या लंबवर्तुळाकार अतिवेगमार्गाचे 29 जून 2021 रोजी उद्‌घाटन झाले, तेव्हा त्याची फार वर्णने छापून आली. पण त्या मार्गावर शोभते ती सोन्याची गाडी. हलक्या गाडीचा कस त्याच आवारातल्या वळणांच्या मार्गावर लागतो. असे वळण सामान्य माणसालाही फुकट उपलब्ध आहे. उज्जैनहून ओंकारेश्वराला जाताना इंदूर मागे पडले की सिमरोळ आणि भेरूघाटाचा जुना रस्ता लागतो. तेथे ताशी 50 किलोमीटरच्या आतबाहेर, तिसऱ्या-दुसऱ्या गिअरच्या खेळात, हलक्या गाडीचे सारे गुण नियम न मोडता कळतात. मोठ्या गाडीला तेवढ्या वेगात जागही येत नाही. तिच्या मालकाने पैसे मोजलेले असतात ते ज्या वेगासाठी, तो वेग या देशातल्या रस्त्यांवर गाठणे हा गुन्हा आहे.

परदेशातून आणलेल्या गाडीवर जकात जबर. शिवाय जमिनीला लागून चालणाऱ्या या गाड्यांचे पोट उज्जैनच्या गल्लीतल्या गतिरोधकांवर घासणारच. तेव्हा आनंद ही एकच कसोटी असेल तर सेव्हन, यंत्रविद्येचे कौतुक असेल तर एलिझ, आणि पैशाचा मोबदला पाहायचा तर एमएक्स-5, असा निवाडा द्यावा लागतो. स्टॉर्म कोणाकडे सुस्थितीत आढळली आणि जवळपास जाणता मेकॅनिक असला, तर तीही हौस भागवील. कोणतीही घेतली तरी चालविणाऱ्याच्या शेजारी जागा एकच. आई आणि वडील या दोघांनाही ओंकारेश्वराचे दर्शन घडवायचे असेल, तर चिरंजीवांना घाटातून दोन खेपा कराव्या लागतील, आणि बहुधा ते त्याला आनंदाने तयार होतील.